माल उतरला, लाकूड उरले

जुन्या मुंबईतील चाळींच्या खोल्यांत ‘देवदारी खोके’ कोणास अपरिचित नव्हते. विलायतेहून येणारी यंत्रे, काचसामान, औषधे ज्या पिवळसर, हलक्या लाकडाच्या खोक्यांतून गोदीत उतरत, त्यांना हे नाव पडले होते. हिमालयातील देवदाराशी त्या लाकडाचा संबंध बहुधा नावापुरताच असे. पाइन, स्प्रूस अशा परदेशी सूचिपर्णी वृक्षांचे ते लाकूड. खोके रिकामे झाले की त्याची मांडणी होई, कोनाड्याला दार होई, कधी खोलीच्या मधोमध आडोसा होई. लाकूड फेकून देण्याची चैन त्या पिढीस परवडणारी नव्हती.

ती खोकी आता गेली. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ हे जहाज मोठमोठ्या लोखंडी पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले आणि कंटेनरच्या युगास आरंभ झाला. महाराष्ट्रात २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. कंटेनरमुळे माल लाकडी खोक्यात बंद करण्याची गरज बरीच ओसरली. मात्र लाकूड मालाच्या भोवतालून निघाले ते मालाच्या खाली जाऊन बसले. मालाखालच्या या लाकडी बैठकीस ‘पॅलेट’ म्हणतात. तळोजा, भिवंडी, चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी अशा कोणत्याही औद्योगिक परिसरात कारखान्याच्या मागील भिंतीशी या पॅलेटांच्या थप्प्या उभ्या दिसतात. त्यांतील काही दुरुस्त होऊन पुन्हा मालाखाली जातात, काही भंगारवाल्याकडे आणि तेथून भट्टीत जातात. अलीकडे काही शाळांच्या, अंगणवाड्यांच्या, ग्रामपंचायत कार्यालयांच्या दारातही ती येऊन पडू लागली आहेत. कारखाना आनंदाने देतो, गावास लाकूड फुकट मिळते आणि गावचा सुतार त्याची बाके करून देतो.

ही गोष्ट स्वागतार्ह खरी. पण ज्या फळीवर पाच वर्षांचे मूल बसणार, ज्या फळीवर पोषण आहाराचे ताट ठेवले जाणार, ती फळी आधी कशाखाली होती, हे कोणी पाहिले आहे काय? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्या पॅलेटवरच असते. मात्र पॅलेट मोडण्याआधी ते वाचावे लागते.

मालाचा पाट

पॅलेट म्हणजे मालासाठी मांडलेला मोठा पाटच होय. आपल्या घरच्या पाटाला खाली दोन आडव्या पट्ट्या असतात, त्यामुळे तो जमिनीपासून उचललेला राहतो आणि खाली बोटे घालून सरकवता येतो. पॅलेटची रचना त्याच तत्त्वावर आहे. बोटांच्या जागी फोर्कलिफ्ट या यंत्राचे दोन लोखंडी सुळे शिरतात, एवढेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने रसद हलविण्यासाठी फोर्कलिफ्ट व पॅलेट यांचा फार मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. युद्धानंतर ऑस्ट्रेलियात मागे राहिलेल्या सामग्रीतून तेथील सरकारने पॅलेट भाड्याने देण्याची जी व्यवस्था उभी केली, तिचीच पुढे ‘चेप’ ही जगभर पसरलेली कंपनी झाली. युरोपात १९६१ साली रेल्वे संस्थांनी एकत्र येऊन एकाच मापाचे पॅलेट ठरविले व ते परस्परांत बदलून घेण्याची पद्धत सुरू केली.

या युरोपीय पॅलेटचे माप १२०० × ८०० मिलिमीटर व उंची १४४ मिलिमीटर असते. त्यात ११ फळ्या, ९ ठोकळे व ७८ खिळे असतात. वजन पंचवीस किलोच्या आसपास, आणि भार मात्र ते दीड टनापर्यंत पेलते. फळ्यांची जाडी २२ मिलिमीटर. सुतारी हिशेबाने पाहिले तर अशा एका पॅलेटमध्ये सुमारे दीड घनफूट लाकूड भरते, आणि त्यातील फळ्याच धरल्या तर सव्वा घनफुटास थोडे कमी. वखारीतून विकत आणावयाच्या लाकडाशी तुलना करता हे काही थोडेथोडके नव्हे.

आपल्या औद्योगिक वसाहतींत दिसणारी सर्वच पॅलेटे या मापाची नसतात. १२०० × १००० मिलिमीटरचे पॅलेट पुष्कळ चालते. अमेरिकेतून येणारे साधारण ४८ × ४० इंचांचे असते. देशातल्या देशात फिरणारी पॅलेटे निलगिरी, आंबा, बाभूळ, रबर, सिल्व्हर ओक अशा मिळेल त्या लाकडाची बांधतात. नाशिक व सांगली भागातील द्राक्षे युरोपकडे निघतात तेव्हा त्यांचे पुठ्ठ्याचे खोके पॅलेटवरच रचलेले असतात, आणि ते पॅलेट द्राक्षांबरोबर समुद्रापार जाते. याउलट जर्मनीहून किंवा चीनहून आलेल्या यंत्राखालचे पॅलेट येथेच राहते. अशा रीतीने एका देशाचे लाकूड दुसऱ्या देशात उतरते. या उतरण्यातच एक धोका दडलेला होता.

किड्यांचा समुद्रप्रवास

१९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्याकडेचे मॅपल वृक्ष पोखरणारा, लांब मिशांचा एक काळा-पांढरा भुंगेरा आढळला. तो मूळचा चीन व कोरियाकडील. मालाच्या कच्च्या लाकडातून तो अमेरिकेत पोहोचला असावा, असा निष्कर्ष निघाला. त्याच्या निर्मूलनासाठी हजारो झाडे तोडून जाळावी लागली. १९९९ साली पाइन वृक्ष वाळवून टाकणारा एक सूत्रकृमी पोर्तुगालमध्ये सापडला. पॅलेटचे लाकूड हलक्या प्रतीचे असते, त्यात साल राहून जाते, आणि सालीखाली अंडी व अळ्या सुखाने प्रवास करतात, हे यांतून सर्व देशांच्या ध्यानी आले.

परिणामी २००२ साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली ‘आयएसपीएम १५’ या नावाचे मानक स्वीकारण्यात आले. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या मालाच्या कच्च्या लाकडी बांधणीवर विहित प्रक्रिया झालीच पाहिजे व तिचा शिक्का लाकडावर असलाच पाहिजे, असे हे मानक सांगते. भारतातही २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली आयात मालाच्या लाकडी बांधणीस ही अट लागू झाली. निर्यातीसाठी येथे प्रक्रिया करणाऱ्या संस्थांना केंद्र शासनाच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते.

शिक्का कसा वाचावा

शिक्का बहुधा पॅलेटच्या ठोकळ्यावर किंवा बाजूच्या जाड पट्टीवर, शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंस असतो. तो डागलेला किंवा काळ्या शाईने उमटविलेला दिसतो. लाल व नारिंगी रंग घातक मालाच्या खुणांसाठी वापरले जात असल्याने ते या शिक्क्यास टाळलेले असतात. चौकटीत डाव्या हाताला उभ्या लोंबीचे चित्र असते. त्याच्या शेजारी दोन इंग्रजी अक्षरांत देशाचा संकेत असतो. भारतासाठी ‘आय’ व ‘एन’, जर्मनीसाठी ‘डी’ व ‘ई’, चीनसाठी ‘सी’ व ‘एन’. त्यापुढे प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक येतो आणि शेवटी आणखी दोन अक्षरे येतात. आपल्या कामाची अक्षरे ती हीच.

‘एच’ व ‘टी’ असतील तर लाकूड उष्णतेने शेकलेले आहे. गाभ्यासह सर्व लाकडाचे तापमान ५६ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ते सलग ३० मिनिटे राखलेले आहे, असा त्याचा अर्थ. ‘डी’ व ‘एच’ असतील तर तीही उष्णताच, केवळ ती सूक्ष्मलहरींसारख्या विद्युत् साधनाने दिलेली. या दोन्ही प्रकारांत रसायन नाही. ‘एम’ व ‘बी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ‘एस’ व ‘एफ’ म्हणजे सल्फ्युरिल फ्लुओराइड या दुसऱ्या वायूची. ती २०१८ पासून मान्य झाली. ‘के’ व ‘डी’ ही अक्षरे भट्टीत वाळविल्याची असून कीडमुक्तीसाठी तेवढी पुरेशी नाहीत. जुन्या पॅलेटवर ‘डी’ व ‘बी’ दिसतात, ती साल काढल्याची. २००९ च्या सुधारणेनंतर साल काढणे सर्वांनाच बंधनकारक झाले, आणि ती खूण मागे पडली.

मिथिल ब्रोमाइडविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. हा वायू रंगहीन व जवळजवळ गंधहीन असून माणसाच्या मज्जासंस्थेस अपाय करतो. शिवाय तो ओझोनचा थर विरळ करतो. म्हणूनच मॉन्ट्रियल कराराखाली त्याचा सर्वसाधारण वापर बंद होत गेला आणि संगरोधाच्या कामापुरती सवलत राहिली. युरोपीय संघाने २०१० मध्ये तीही राहू दिली नाही. धुरी दिल्यावर लाकूड मोकळ्या हवेत ठेवले की वायू निघून जातो. जुन्या पॅलेटमधून तो आता बाहेर येऊन कोणास बाधेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तरीही त्याचा काही अंश ब्रोमाइडच्या रूपाने लाकडात राहतो. मुलांच्या बाकांसाठी, स्वयंपाकघरासाठी, परसबागेच्या वाफ्यांसाठी असे लाकूड घेऊ नये. ते चुलीतही घालू नये. लाकूड मुबलक असताना संशयित फळीचा आग्रह धरण्यात शहाणपण नाही.

शिक्का मुळीच नसला तर? देशांतर्गत फिरणाऱ्या पॅलेटला शिक्क्याची सक्ती नाही. तेव्हा शिक्का नसणे हा काही दोष नव्हे. मात्र अशा लाकडात जिवंत कीड असू शकते. आंबा व रबर या लाकडांत बारीक पीठ पाडणारे भुंगेरे विशेष होतात. फळी आपटली असता टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकांतून मैद्यासारखी पूड पडली, तर ती फळी शाळेच्या ग्रंथालयात नेऊ नये. तेथील मांडणीच्या इतर फळ्याही ती कीड धरील.

शिक्का काय सांगत नाही

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘शिक्क्याचे लाकूड आहे, त्यास वाळवी लागत नाही’ असे विक्रेते सांगतात आणि खरेदी करणारेही त्यावर विसंबतात. ते खरे नाही. उष्णतेने त्या दिवशी लाकडात असलेली कीड मरते. उद्या येणाऱ्या किडीस तेथे कोणताच मज्जाव नसतो. पाइनचे लाकूड तर वाळवीस फार प्रिय. सागवानी फळीप्रमाणे ते ओल्या जमिनीस टेकवून ठेवले तर एक-दोन पावसाळ्यांतच त्याची माती होईल.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. शिक्का पॅलेट तयार झाले त्या दिवसाची हकिगत सांगतो. पुढे त्याच्यावर काय ठेवले, काय सांडले, याची नव्हे. उष्णतेचा स्वच्छ शिक्का असलेल्या पॅलेटवर कीटकनाशकाचे पिंप गळलेले असू शकते. लाकूड कसे शोषून घेते आणि पुन्हा कसे सोडते, याचे एक बोलके उदाहरण आहे. २०१० च्या आरंभी अमेरिकेतील एका औषध उत्पादकास वेदनाशामक गोळ्यांच्या बाटल्या मोठ्या संख्येने बाजारातून परत घ्याव्या लागल्या, कारण त्यांना कुबट वास येत होता व काही ग्राहकांना मळमळ झाल्याच्या तक्रारी होत्या. शोध घेतला तेव्हा त्या वासाचे मूळ बाटल्यांच्या बांधणीखालील लाकडी पॅलेटांत सापडले. लाकडास लावलेल्या एका रसायनाचे रूपांतर होऊन निर्माण झालेला पदार्थ हवेवाटे बाटल्यांपर्यंत पोहोचला होता. गोळ्या बंद बाटलीत होत्या, तरी असे झाले.

यास्तव शिक्क्यानंतर नाकाने व डोळ्यांनी परीक्षा करावी. तेलकट काळे डाग, रंगीत ओघळ, पांढरी पूड सुकल्याच्या कडा, औषधी किंवा आंबूस दर्प, यांपैकी काही आढळले तर ते पॅलेट बाजूला काढावे. डाग वरवर रंधून जातो. आत मुरलेले जात नाही. पाइनच्या फळीत दिसणारी निळसर छटा मात्र वेगळी. ती एका बुरशीची असते आणि तिने लाकडाच्या बळास विशेष बाध येत नाही. त्या निळसर रेषा पाहून चांगली फळी टाकून देण्याचे कारण नाही. वर हाताला लागणारी काळी, मऊ बुरशी असली तर ती फळी उन्हात वाळवून, नाकास फडके बांधून घासून काढावी.

सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे पॅलेट देणाऱ्या कारखान्यालाच विचारणे. यंत्राचे सुटे भाग, कागदाची रिळे, काच, फरश्या यांखालची पॅलेटे सामान्यतः निर्धोक असतात. रंग, रसायने, कीडनाशके यांच्या कारखान्यातून आलेले लाकूड शिक्का कसाही असला तरी गावाने स्वीकारू नये. घातक रसायनांनी माखलेल्या वस्तूंची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०१६ च्या घातक कचरा नियमांनी मूळ कारखान्यावर टाकली आहे. ती ‘देणगी’च्या रूपाने गावावर येऊ देणे हा औदार्याचा स्वीकार नव्हे.

आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. संपूर्ण निळ्या रंगाने रंगविलेली पॅलेटे भाड्याने दिलेली असतात. त्यांची मालकी भाड्याने देणाऱ्या कंपनीकडेच राहते. ती भंगारात आली म्हणून कापणे योग्य नाही, ती परत करावयाची असतात.

मोडण्याची रीत

शिक्का पॅलेटच्या एखाद्या ठोकळ्यावरच असतो, हे वर आलेच आहे. पॅलेट मोडून फळ्या एका ढिगात टाकल्या की कोणती फळी कोणत्या पॅलेटची, हे सांगता येत नाही. धुरीची फळी व शेकलेली फळी दिसावयास सारख्याच. म्हणून वर्गवारी मोडण्याआधी करावी, नंतर नव्हे. नाकारलेल्या पॅलेटवर मोठी फुली मारून ती वेगळ्या जागी ठेवावी आणि एका दिवशी एकाच प्रतीची पॅलेटे मोडावीत. एवढी शिस्त पाळली तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवत नाहीत.

मोडण्याचे काम वाटते तितके सोपे नाही. पॅलेटचे खिळे पिळाचे किंवा खाचांचे असतात. ते निघू नयेत, याचसाठी तसे केलेले असतात. हातोडीच्या चिमट्याने फळीचे टोक उचलू गेल्यास टोक उभे चिरते आणि फळी कामातून जाते. अनुभवी सुतार फळीखाली ठोकळ्यालगत पहारीचे चपटे टोक घालून थोडे थोडे, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने उचलतात, किंवा फळी व ठोकळा यांच्या फटीत लोखंड कापण्याचे पाते घालून खिळाच कापतात. दुसऱ्या रीतीत खिळ्याचे डोके फळीतच राहते, पण फळी अखंड मिळते.

घाई असेल तर ठोकळ्यांच्या मधला भाग करवतीने कापून घेता येतो. मग खिळ्यांशी झटापट नाही. मात्र युरोपीय पॅलेटच्या लांब फळीवर दोन ठोकळ्यांमधील मोकळे अंतर अवघे ३८ सेंटिमीटर असते. म्हणजे पंधरा इंचांचे दोन तुकडे हाती येतात व ठोकळ्यांवरचा भाग वाया जातो. काय बनवावयाचे आहे, ते आधी ठरले पाहिजे ते यासाठीच. पंधरा इंची तुकड्यांचे बाक होत नाही. अंगणवाडीतील मुलांचे पाट मात्र त्यांचे सुरेख होतात. तीन तुकडे शेजारी, खाली दोन आडव्या पट्ट्या, कडा गोल घासलेल्या.

फळी रंध्याखाली घेण्यापूर्वी तिच्यावरून लोहचुंबक फिरवावे. आत मोडून राहिलेला खिळा डोळ्यास दिसत नाही. रंध्याच्या पात्यास तो एका फेऱ्यात खांडा पाडतो, आणि यंत्राचा रंधा असेल तर माणसासही इजा करतो. मोडणाऱ्यांच्या पायात जाड तळव्याचे जोडे, हातात कातडी मोजे असावेत व धनुर्वाताची लस घेतलेली असावी. विद्यार्थ्यांना कार्यानुभवाच्या तासाला हे काम शिकविण्याचा उत्साह काही शाळा दाखवितात. घासणे, मापे घेणे, जोडणे, तेल देणे ही कामे मुलांनी अवश्य करावीत. खिळे उपटण्याचे काम त्यांच्याकडून करवू नये.

काय करावे, काय करू नये

चार फुटी बाक हे सर्वांच्या मनात प्रथम येते. १२०० मिलिमीटरची फळी चार फुटांस थोडी कमी भरते आणि रंधल्यावर तिची जाडी अठरा-एकोणीस मिलिमीटर उरते. अशा पाइनच्या फळीवर तीन मुले बसली की ती मध्ये लचकते. म्हणून खाली उभी पट्टी द्यावी किंवा मध्ये तिसरा पाय द्यावा. सागवानी बाकाचे माप पाहून तसेच बाक या लाकडाचे करणारे सुतार वर्षभरातच दुरुस्तीसाठी बोलावले जातात. पुस्तकांची मांडणी, चपलांचे कप्पे, सूचनाफलकाची चौकट, अवजारांची पेटी, रोपवाटिकेच्या ट्रे ठेवण्याच्या घडवंच्या यांना मात्र हे लाकूड अगदी योग्य. छपराचे वासे, माळ्याची तुळई, झोपाळा, पाळणा यांस ते वापरू नये. फळीत दडलेली गाठ किंवा चीर भाराखाली केव्हा दगा देईल, याचा भरवसा नसतो.

स्वस्त पॅलेटांचे ठोकळे पुष्कळदा लाकडाचे नसून भुसा दाबून केलेले असतात. पावसात ते फुगतात व सुटतात. ते सरळ बाजूला काढावेत.

पाइनच्या टिकाऊपणासाठी दोन-तीन साधे उपाय पुरेसे आहेत. लाकडाचे पाय जमिनीस टेकू देऊ नयेत. खाली दगड, फरशी किंवा रबराचा तुकडा द्यावा. घरातील वस्तूंना बोरॅक्स व बोरिक आम्ल यांचे द्रावण लावले असता वाळवीस व भुंगेऱ्यास चांगला अटकाव होतो. पाण्याने ते धुऊन जाते, म्हणून पावसात राहणाऱ्या वस्तूस त्याचा उपयोग नाही. कोकणात बाहेरच्या लाकडास काजूच्या टरफलाचे तेल देण्याची जुनी चाल आहे व ती गुणकारीही आहे. मात्र ते तेल कातडीस भाजते, तेव्हा कुंपणाच्या खांबास ते द्यावे, मुलांच्या बसण्याच्या फळीस जवसाचे तेल बरे.

लाकूड फुकट मिळाले तरी काम फुकट होत नाही, हेही ध्यानी घ्यावे. मोडणे, खिळे काढणे, रंधणे यांत जाणारी मजुरी कित्येकदा नव्या फळीच्या किमतीच्या जवळ जाते. शंभर बाकांची मागणी पुरवावयाची असेल तर हा मार्ग सोयीचा नाही. पण गावच्या सुतारास काम कमी असलेल्या महिन्यांत, किंवा जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील सुतारकामाच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी लाकूड हवे असताना, हा व्यवहार दोन्ही पक्षांस लाभाचा ठरतो.

शासकीय कार्यालये व पंचायती यांनी कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नये. कारखान्याकडून पॅलेटांची संख्या, त्यांखाली कोणता माल होता व ती विनामूल्य दिली असल्याचे लेखी पत्र घ्यावे. लाकडाने भरलेली गाडी नाक्यावर अडविली गेल्यास तेच पत्र उपयोगी पडते. तयार वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढवाव्यात. आणि एखाद्या बचत गटाने किंवा सुताराने जुन्या फळ्यांतून पुन्हा पॅलेटच बांधून निर्यातदारास विकावयाचे मनात आणले, तर नियम निराळा आहे: पॅलेटचे एक-तृतीयांशापेक्षा अधिक भाग बदलले की ते नवे समजले जाते, जुने सर्व शिक्के पुसावे लागतात आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रक्रिया व शिक्का नव्याने घ्यावा लागतो. जुना शिक्का राखून नवे पॅलेट विकणे हा गुन्हाच होय, आणि परदेशी बंदरात ते पकडले गेले तर वरचा मालही अडकतो. द्राक्षाच्या हंगामात असे एक पॅलेट एखाद्या बागाईतदाराचे वर्ष बुडवू शकते.

राहता राहिली शेवटची उस्तवार. नाकारलेली, डागाळलेली पॅलेटे जाळून मोकळे होण्याचा मोह सर्वत्र दिसतो. भंगार लाकडाच्या धुराचा प्रश्न मुंबईत न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या शहरातील बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे निर्देश दिले. गावच्या चुलीचा किंवा शाळेतील पोषण आहाराच्या चुलीचा धूर त्याहून निराळा नाही. उष्णतेचा शिक्का असलेल्या, रंग वा डाग नसलेल्या लाकडाचे तुकडे जळणास चालतील. बाकीचे ज्या कारखान्यातून आले त्यास परत करावे. भुशाचाही हाच नियम. स्वच्छ लाकडाचा भुसा गोठ्यात पसरावयास किंवा खताच्या खड्ड्यात घालावयास उत्तम. संशयिताचा तेथे जाऊ देऊ नये. उपटलेल्या खिळ्यांतील सरळ तेवढे वेगळे करून ठेवावेत. वाकडे सरळ करून डब्यात साठविणारे सुतार अजूनही आहेत, मात्र पिळाचा खिळा एकदा वाकला की पुन्हा नीट बसत नाही; तो लोखंडाच्या भंगारातच द्यावा.